उद्या

साठ नावं पुकारली त्या रात्री, त्यात माझं नव्हतं.
आईनं तळलेला कॅटफिश शेजाऱ्यांनी गुपचूप खाल्ला
आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला
त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.

मोठ्या लीगमध्ये मी खेळलो अकरा मिनिटं.
दहा दिवसांचा करार, नवव्या दिवशी परतीचं तिकीट.
दोन गुण. चेंडू रिंगवर दोनदा गिरकी घेऊन
उपकार केल्यासारखा आत पडला.
पाइन ब्लफच्या सलूनमध्ये अजून त्याची गोष्ट निघते.
ते दोन गुण वाढून आता दहा झालेत.

मग विंचवाचं बिऱ्हाड.
शाउल्याय, नोवी साद, बैरुत, कोर्दोबा,
मध्ये कुठेतरी एक गाव, ज्याचं नाव फक्त जर्सीवर होतं
आणि जर्सी धुलाईत हरवली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे कबूल.
पण सहा फूट नऊ इंच पाहून
कुणी अंथरूण शिवलेलं नव्हतं.
शाउल्यायला घरमालकीण गेनोवायतेबाईंनी
पलंगाच्या पायथ्याशी शिलाई मशीनचं स्टूल लावलं,
वर एक उशी.
तो हिवाळाभर माझी पावलं स्टुलावर झोपली,
बाकीचा मी पलंगावर.
तिथेच एका पहाटे फोन: मुलगी झाली.
बाहेर उणे एकोणीस.
वजन किती, विचारलं,
आणि कार्डातले पैसे संपले.
त्या संध्याकाळी बावीस रिबाउंड घेतले मी.
वजन आठवड्यानं कळलं.

प्रत्येक देशात एक शब्द मी सगळ्यात आधी शिकलो,
कारण पगार विचारला की खजिनदार तोच म्हणायचा.
रितोय. सुत्रा. बुकरा. मान्याना.
बैरुतचा खजिनदार तर इतकं गोड हसायचा,
वाटायचं, नाही मिळाले तरी चालेल.
चालत नसे.
नोवी सादला पायाला पट्ट्या बांधणारा रातोमिर म्हणाला,
माझे सात महिन्यांचे थकलेत, तुझे किती?
त्याच्या बायकोनं दिलेल्या घेवड्याच्या रश्श्यात
आम्ही दोघांनी एकाच डब्यात पाव बुडवला.
माझ्या गुडघ्यावर बर्फ, मांडीवर डबा.

गुडघ्याबद्दल मी बोलत नाही.
तो बोलतो माझ्याबद्दल, जिना दिसला की.

डेलफीन फोनवर विचारायची, कधी येतोस?
मीही तोच शब्द म्हणायचो, आमच्या भाषेतला,
आणि आवाज ऐकून मलाच दचकायला व्हायचं:
अगदी खजिनदारासारखा गोड.

एकतिसाव्या वर्षी मी ‘अनुभवी’ झालो,
चौतिसाव्या वर्षी ‘उपलब्ध’.
अडतिसाव्या वर्षी लुसेना, फिलिपिन्स.
सहा सामने, चार पराभव.
संघ हरला की तिथे परदेशी खेळाडू बदलतात,
दिवा लागेना म्हणून बल्ब बदलावा तसा.
कुणाचा राग नव्हता. तिकीट तीन दिवसांनंतरचं.

हॉटेलमागे पत्र्याच्या छपराखाली एक कोर्ट.
बेसलाइनला बांधलेले दोन कोंबडे,
रबरी चपला घालून खेळणारी पोरं.
रेनांते, वय अकरा, सही मागायला आला नाही.
म्हणाला, एक पाय रोवून वळतात ते दाखव.
दाखवलं. गुडघा किंचाळला. पुन्हा दाखवलं.
अंधारलं तेव्हा तो म्हणाला, पलीकडे हॉल आहे, दिवे आहेत.

हॉलच्या दारावर पाटी: बुकास.
हा शब्द मला पाठ होता. खजिनदाराच्या तोंडून
सहा आठवडे ऐकला होता.
म्हटलं, बरं, उद्या तर उद्या. वळलो.
पोरगा हसून हसून वाकला.
अरे, ‘बू’वर जोर दिला तर उद्या,
‘का’वर दिला तर उघडं.
पाटीवर जोर कसा काढणार?

त्यानं खांद्यानं दार ढकललं.
मी चौकटीखालून वाकून आत गेलो.
चौकट चांगली उंच होती.
सवय, दुसरं काय.